चार ओळींची पत्रिका

जीवनराव विधाते यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका चार ओळींत बसवली, आणि बांधाच्या भांडणांना जे तीन पिढ्यांत जमलं नव्हतं ते त्या चार ओळींनी भावकीत करून दाखवलं.

याचं मूळ नाशिकला सातपूरच्या कंपनीत आहे. जीवनराव तिथे क्वालिटीत आहेत. मागल्या वर्षी एका मशीनचं माप हलायला लागलं म्हणून त्यांनी साहेबांना रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट मोठा सुरेख होता. 'सविनय निदर्शनास आणून देण्यात येते की' असा तो सुरू झाला, मशीनच्या थोर इतिहासाला वळसा घालत दुसऱ्या पानावर आला, आणि तिथे अगदी तळाशी, सहीच्या जरा वर, 'सबब सदर मशीन तात्काळ बंद करावे' असं एक वाक्य होतं. साहेबांनी पहिलं पान वाचलं, "हा माणूस छान लिहितो" म्हणाले आणि कागद ट्रेमध्ये ठेवून दिला. मशीन चालू राहिलं. सगळा माल भंगारात गेला. चौकशी झाली तेव्हा साहेबांनी तोच कागद सगळ्या खात्यासमोर नाचवत विचारलं, "विधाते, घराला आग लागली तर फायर ब्रिगेडला पण असंच कळवाल का?" हसू कॅन्टीनपर्यंत पोचलं. पोळ्या लाटणाऱ्या बायकासुद्धा हसल्या, ज्यांचा मशीनशी काही संबंध नव्हता.

मग कंपनीने पुण्याहून एक बाई आणल्या. कंपन्यांना कुठलीही अक्कल पुण्याहून आणल्याशिवाय पचत नाही. बाईंनी 'स्पष्ट आणि परिणामकारक लेखन' या विषयावर दोन दिवस शिकवलं. जे सांगायचं ते पहिल्या ओळीत सांगा. एका वाक्यात एकच गोष्ट. जो शब्द काम करत नाही त्याला घरी पाठवा. वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळलं पाहिजे. बाकीचे लोक चहाची वाट बघत होते. जीवनराव एकटे लिहून घेत होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर साहेबांचा तो नाचणारा हात होता.

बाई खोटं काही सांगत नव्हत्या. आपल्याकडे सरकारी पत्रात क्रियापद शोधायला माणूस लावावा लागतो, आणि सापडलं तरी ते 'करण्यात यावे' असतं. कोणी करावं याचा पत्ता नसतो. या एका 'यावे'च्या आडोशाला अख्खी खाती बसून आहेत. तेव्हा जीवनरावांना राग आला तो रास्तच होता. फक्त राग आलेल्या माणसाच्या हातात नवं हत्यार पडलं की तो ते घरी घेऊन येतो.

घरी त्यांनी पहिल्याच आठवड्यात कामाला सुरुवात केली. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचे तरी सासरे वारल्याचा निरोप आला. त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. त्यात जीवनरावांनी लिहिलं, "वाईट झालं. मला ते आवडायचे नाहीत, तरी वाईट झालं." ग्रुप दिवसभर गप्प होता. जीवनराव बायकोला म्हणाले, "बघ, पहिल्यांदा कोणीतरी वाचलं."

सुवर्णाताईंनी बघितलं. त्यांनी भाजी निवडायला घेतली. बोलायची वेळ पुढे येणार हे त्यांना माहीत होतं, कारण सायलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा सिन्नरचा, योगेश लोंढे, सरकारी नोकरीत. माणसं चांगली, घरदार चांगलं. राहिली होती पत्रिका.

आता आमच्या भागातली पत्रिका म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. वर गणपती, त्याखाली कुलदैवत, त्याखाली वारलेले सगळे आजे-पणजे ओळीने. मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. मग निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आणि या चारही खात्यांत मिळून अख्खी भावकी, वयाच्या क्रमाने. एखादा धाकटा थोरल्याच्या वर छापला गेला तर हळदीला टेम्पो कमी येतात. त्याखाली पुढाऱ्यांचे फोटो, जे नवरा-नवरीच्या फोटोंपेक्षा मोठे असतात. आणि सगळ्यात खाली, ज्यांना अजून बोलता येत नाही अशा पोरांच्या तोंडी, 'आमच्या दीदीच्या लग्नाला यायचं हं!' लग्न कधी आणि कुठे हे या सगळ्यात दडलेलं असतं. ते शोधायला लोक पत्रिका खिडकीपाशी नेतात.

जीवनरावांनी एका रविवारी सकाळी टेबलाशी बसून हे सगळं घरी पाठवलं. उरलं ते असं:

*आमची सायली आणि सिन्नरचा योगेश यांचं लग्न आहे.*
*रविवारी, आठ फेब्रुवारीला, दुपारी साडेबाराला. साडेबारा म्हणजे साडेबारा.*
*गंगापूर रोडला, शेवंती लॉन्सवर.*
*जेवण आहे. या.*

सुवर्णाताईंनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही पत्रिका आहे की उद्या लाइट जाणार म्हणून आलेला मेसेज?"

"समजलं ना काय म्हणायचंय ते?"

"समजलं. म्हणूनच भीती वाटतेय."

सायली म्हणाली, "पप्पा, तुम्ही तुमची छापा. मी इन्स्टावर वेगळी टाकते." ती आयटीत आहे, तिला भांडणाला वेळ नसतो.

शेजाऱ्यांना मात्र असतो. वरच्या मजल्यावरचे नवनाथआप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि उभ्या आयुष्यात त्यांनी कोणताही कागद न सुधारता खाली ठेवलेला नाही. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या आणि दुखावल्या आवाजात विचारलं, "जीवनराव, यात विषय कुठेय? संदर्भ कुठेय?"

"लग्नाला कसला संदर्भ, आप्पा?"

"असा कसा नाही? 'विषय : विवाहाबाबत. संदर्भ : आपले व आमचे पूर्वापार संबंध.' एवढं तरी टाका. उद्या कोणी विचारलं कशाच्या आधारे बोलावलं, तर काय दाखवाल?"

तळमजल्यावरच्या मंगलाबाईंची शंका जास्त खोल होती. "'या' म्हणजे नेमकं कोणी यायचं? 'सहकुटुंब सहपरिवार' असलं की कळतं हो. आमच्याकडे भाचा पण राहतो सध्या."

"जो वाचेल त्याने यायचं," जीवनराव म्हणाले.

"मग मी एकटीच येईन. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही."

भद्रकालीतल्या प्रेसवाल्याने तर काम घ्यायलाच नकार दिला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पत्रिकेचे साचे होते आणि सगळ्यात छोट्या साच्यालासुद्धा पन्नासेक नावं लागत होती. चार ओळी टाकल्यावर पडद्यावर जी पांढरी जागा उरली ती बघून तो अस्वस्थ झाला. "साहेब, लोक म्हणतील शाई संपली. निदान खाली पोरांची किलबिल टाकू? किलबिल फुकट आहे."

"नको."

"गणपती?"

"गणपती काय काम करतो या पत्रिकेत?"

हा प्रश्न जीवनरावांनी लेखनाच्या अंगाने विचारला होता. प्रेसवाल्याने तो वेगळ्या अंगाने घेतला, कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि शेवटी अशा अटीवर छापायला तयार झाला की पत्रिकेवर प्रेसचं नाव येणार नाही. आयुष्यभर प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव नि मोबाइल नंबर घालणारा माणूस, पण इथे त्याने निनावी राहणं पसंत केलं.

पत्रिका आल्या. जीवनरावांनी यादी केली, पाकिटं केली आणि सगळी एकदम कुरिअरने पाठवून दिली. 'वाचणाऱ्यापर्यंत वेळेत पोचवा' हाही बाईंचाच नियम. यादीत पहिलं नाव होतं सोमनाथ गोटीराम विधाते, मखमलाबाद.

इथे थांबावं लागेल, कारण चूक झाली ती इथे.

सोमनाथ हे जीवनरावांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर मखमलाबादचा मळा त्यांनी सांभाळला. शेवंती, झेंडू, हंगामाप्रमाणे भाजी. आणि थोरल्या भावाला, अहो, पत्रिका देतच नाहीत. पत्रिका परक्याला द्यायची असते. थोरला भाऊ पत्रिका वाटतो, त्याच्या नावाने लोक येतात, मांडवात पाण्याच्या जारपासून गुरुजींच्या पाटापर्यंत सगळ्यावर तो ओरडतो. त्याच्या दारात कुरिअरवाला उभा राहून "सही करा" म्हणाला, याचा अर्थ आमच्या भागात शेंबड्या पोराला कळतो. पुण्याच्या बाईंना कळला नसता. जीवनरावांना कळायला हवा होता, पण ते तेव्हा वाक्यातली अडगळ काढत होते.

पहिला दणका मात्र सिन्नरहून आला. योगेशने रजेच्या अर्जाला ही पत्रिका जोडली आणि त्याच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज परत केला. 'कोण योगेश?' असा शेरा होता. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, साल नाही. जीवनरावांची ही चूक मात्र खरीच होती. ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल असं लिहिणं म्हणजे स्पष्ट लिहिणं नव्हे, पण हे बाईंनी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सांगितलं होतं आणि तेव्हा जीवनराव मसालेभातामुळे जरा पेंगले होते. कारकुनाची दुसरी हरकत मोठी होती. पत्रिकेवर गणपती नाही. गणपती नसलेल्या पत्रिकेवर रजा मंजूर करायची झाली तर वरून मार्गदर्शन मागवावं लागेल. आणि त्याने खरोखर मागवलं. जिल्ह्याला पत्र गेलं.

योगेशचे वडील सहादू लोंढे सज्जन माणूस. त्यांनी ओरडा केला नाही. त्यांनी शांतपणे सिन्नरला स्वतःची पत्रिका छापली. गणपतीसह, तीन घड्यांची, दोन्हीकडच्या माणसांची नावं असलेली. त्यात वधूपक्षाकडून सगळ्यात वर, ठळक अक्षरात, 'श्री. सोमनाथ गोटीराम विधाते (वधूचे थोरले काका)' असं होतं. एक पत्रिका त्यांनी स्वतः मोटारसायकलवर मखमलाबादला नेऊन दिली. अक्षता दिल्या, कुंकू लावलं, चहा घेतला. म्हणजे ज्या माणसाने सोमनाथदादांना सुपारी फोडायच्या दिवशी एकदाच पाहिलं होतं, त्याने नाव छापलं. सख्ख्या भावाने कुरिअर केलं.

हे कळल्यावर सुवर्णाताई म्हणाल्या, "आजच्या आज मखमलाबादला जा."

जीवनराव गेले. दादा बांधाशी बसून शेवंतीच्या जुड्या बांधत होते. वर न बघता म्हणाले, "या."

जीवनराव बांधावरच थांबले. दादा त्यांना 'या' कधीच म्हणाले नव्हते. 'ये' म्हणायचे, किंवा नुसतं 'जीवन्या'.

"दादा, पत्रिका मिळाली का?"

"मिळाली ना. कुरिअरनं. सही केली म्या."

"वाचली?"

"एका दमात. लय सोपी हाय."

"काही राहिलंय का त्यात?"

"नाय बा. वार हाय, जागा हाय, जेवण हाय. पाव्हण्याला आणखी काय लागतं?"

तेवढ्यात कलावहिनी चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये. कपबशीत. बशीत दोन बिस्किटं. त्या घरात जीवनरावांनी जन्मापासून स्टीलच्या गिलासातून चहा घेतला होता, तोही चुलीपाशी उकिडवं बसून, आणि वहिनींच्या शिव्या खात. ती सोनेरी काठाची कपबशी फडताळातून फक्त सोयरिकीच्या माणसांसाठी निघायची. "घ्या भाऊजी," वहिनी पदर सावरून म्हणाल्या, "साखर कमी असंल तर सांगा."

जीवनरावांनी कप उचलला. तोंडाला न लावताच परत बशीत ठेवला.

"दादा, अरे कोणाचंच नाव नाहीये त्यात. माझंसुद्धा नाही."

हा मुद्दा बिनतोड होता आणि त्याचा उपयोग शून्य होता.

"तुझं नसंल," दादा जुडीला दोरा गुंडाळत म्हणाले. "तुझ्या घरचं लग्न हाय, तुला कशाला नाव लागतं? आमी हळदीपासून राबायच्या तयारीत व्हतो. हिनं चार बायका सांगून ठेवल्या व्हत्या भाकरीला. मग पत्रिका आली. मी हिला म्हणलं, बरं झालं, आपल्याला नुसतं जेवायचंय."

परत येताना जीवनरावांनी गाडी दोनदा रस्त्याकडेला लावली आणि दोन्ही वेळा फोन काढून मेसेज लिहायला घेतला. दोन्ही वेळा खोडला. घरी येऊन मात्र त्यांनी ठरवलं की चूक लेखनात झाली, तेव्हा दुरुस्तीही लेखनातच. त्यांनी शुद्धिपत्रक काढलं. भावकीच्या ग्रुपवर टाकलं. त्यात नावं होती, आणि नुसती नावं टाकणं म्हणजे पुन्हा जुनाच दिखाऊपणा, म्हणून प्रत्येक नावापुढे खरं ते एक वाक्य होतं.

*सोमनाथ. माझा थोरला भाऊ. रागावला आहे. कारण मला कळलं आहे.*

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे:

*नाथा. चुलतभाऊ. दादाशी बांधावरून बोलत नाही. तरी यावं.*

नाथाभाऊंना हे शेतात पाणी भरताना कोणीतरी वाचून दाखवलं. बांधाचं भांडण असणं वेगळं आणि ते ग्रुपवर छापून येणं वेगळं. भावकीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, पण कोणी लिहीत नाही, म्हणून तर सगळे एका पंगतीला बसू शकतात. नाथाभाऊंनी उत्तर दिलं, "लग्नात बांध आणला काय? मग आता मोजणीच आणतो." आणि सोमवारी त्यांनी जमीन मोजणीचा अर्ज टाकला. नवनाथआप्पांनी सांगितलं की मोजणीची नोटीस निघायला सहसा वर्ष उलटतं. नाथाभाऊंची लगेच निघाली. आप्पांच्या मते अर्ज इतका अवघड लिहिलेला होता की साहेबांना तो महत्त्वाचा वाटला असणार. नोटीस रीतसर लगतच्या खातेदाराला गेली. लगतचे खातेदार सोमनाथ गोटीराम विधाते. पोस्टमनने सही मागितली.

धाकट्या भावाच्या लेखनामुळे दादांना महिन्यात दुसऱ्यांदा सही करावी लागली.

आता ग्रुपवर जो तो स्वतःपुढचं वाक्य बदलून मागू लागला. कोणाला 'कर्जबाजारी नाही' हवं होतं, कोणाला 'सुशिक्षित' हवं होतं. एक आत्या फोनवर रडल्या, कारण त्यांच्यापुढे 'स्वयंपाक तिखट' असं होतं. लॉन्सवरच्या हळदीला भावकीतून तीनच माणसं आली, त्यातली दोन चुकून, शेजारच्या लॉन्समधल्या साखरपुड्याला निघालेली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी सायली बापासमोर येऊन उभी राहिली. हाताला मेंदी होती म्हणून हात पुढे धरून होती. तिच्या दहावीपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या मळ्यात गेल्या होत्या. पोहायला काकांनी शिकवलं, सायकल काकांनी शिकवली.

"पप्पा, काका स्टेजवर माझ्या मागे उभे नसतील तर मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. स्पष्ट आहे?"

स्पष्ट होतं. एक वाक्य, एक मुद्दा, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत होतं. ते कसं करायचं एवढंच कळत नव्हतं. जीवनरावांनी दादांना फोन लावला. कलावहिनींनी उचलला आणि सांगितलं, "ते म्हणतात, पत्रिकेत लिवलंय तसं येऊ."

आले. आठ फेब्रुवारीला दुपारी साडेबाराला अख्ख्या शेवंती लॉन्सवर पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, आचारी, फेटेवाला, जीवनरावांच्या घरची माणसं, आणि तिसऱ्या रांगेत सोमनाथदादा व कलावहिनी, एवढेच होते. दुसरं कोणीही नाही. कारण नाशिकचा माणूस पत्रिकेतल्या वेळेत मनातल्या मनात दोन तास मिळवतो. हे त्याला कोणी शिकवत नाही. 'साडेबारा म्हणजे साडेबारा' हे सगळ्यांनी वाचलं होतं आणि प्रत्येकाने तो जीवनरावांचा विनोद समजून अडीच धरले होते. गुरुजी आधीचं लग्न लावून यायचे होते. नवरदेवाची वरात फाटकाबाहेर डीजेसमोर अडकली होती, आणि सिन्नरकर नाचायला लागले की त्यांना घड्याळ दाखवणं म्हणजे अपमान.

दादांनी नवा सदरा घातला होता, पांढरी टोपी घातली होती. फेटेवाला आला तर म्हणाले, "घरच्यांना बांध बाबा." सुवर्णाताई जाऊन पाया पडल्या तर त्यांनी विचारलं, "आहेर कुठं द्यायचा असतो?" सुवर्णाताई तिथून थेट नवरीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जीवनराव स्टेजच्या कडेला उभे होते. भावाने चार ओळी वाचल्या होत्या आणि त्यातलं प्रत्येक अक्षर पाळलं होतं. नाशिक जिल्ह्यात त्यांना असा एकच वाचक भेटला.

अडीचच्या सुमाराला लोक आले. नाथाभाऊसुद्धा आले, सगळ्यात मागे बसले. गुरुजी घाम पुसत आले. वरात आत आली. गुरुजी माइकवर म्हणाले, "वधूकडची वडीलधारी मंडळी, वर या." कोणी उठलं नाही. वडीलधारे ज्याच्याकडे बघत होते तो तिसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसला होता.

मग खोलीचं दार उघडलं. सायली बाहेर आली, शालू, मुंडावळ्या, सगळं. ती स्टेजकडे न जाता सरळ तिसऱ्या रांगेत गेली आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"काय गं?" दादा घाबरून म्हणाले. "वर जा."

"तुम्ही पाहुणे, मी पण पाहुणी. जेवून जाऊ."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा कुठे धरायचा हे न कळून तो मांडवाच्या छताकडे धरला. सहादू लोंढ्यांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. सगळा मांडव जीवनरावांकडे बघायला लागला, आणि त्यांनी गुरुजींच्या हातून माइक घेतला.

त्यांना खरं तर छोटं बोलायचं होतं. 'दादा, मी चुकलो' एवढं वाक्य त्यांनी रात्रभर तासून गुळगुळीत केलं होतं. "दादा," ते म्हणाले. पुन्हा "दादा" म्हणाले. पुढचा शब्द आला नाही. मग जे आलं ते कुठून आलं कोणास ठाऊक. इतके महिने घरी पाठवलेले सगळे शब्द एकदम फाटकातून आत शिरावेत तसं आलं.

"आमचे येथे श्रीकृपेकरून, कैलासवासी गोटीराम विधाते यांच्या पुण्याईने, आणि आमचे ज्येष्ठ बंधू, श्रीयुत सोमनाथ गोटीराम विधाते, ज्यांनी स्वतःची शाळा सोडून मला आयटीआयला घातलं, आणि ज्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी फॉर्म भरायला सातपूरला गेलो, आणि परत येताना पंक्चर झालं तेव्हा ज्यांनी सायकलही ओढली आणि मलाही ओरडले, आणि ज्यांच्या धर्मपत्नी सौभाग्यवती कलावहिनी, ज्यांनी माझ्या लग्नात भाकरीच्या पाटीपाशी उभं राहून स्वतः न जेवता, आणि ज्यांच्या मळ्यात आमची ज्येष्ठ आणि एकुलती कन्या, जिला पहिल्यांदा विहिरीत ढकलण्याचं श्रेयही माझ्या परमपूज्य बंधूंनाच, आणि आमचे चुलतबंधू श्रीयुत नाथाभाऊ, ज्यांचा बांध हा सर्वस्वी त्यांचा खाजगी विषय असून, तसेच आमच्या आत्या, ज्यांचा स्वयंपाक अत्यंत रुचकर..."

वाक्य पुढे जात होतं. त्याला शेवट दिसत नव्हता. क्रियापद कुठल्या गावाला होतं देव जाणे. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. आत्यांनी डोळे पुसले. मागे नाथाभाऊ खुर्चीत सरळ होऊन बसले. जीवनराव डोळे मिटून बोलत होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि प्रत्येक 'ज्यांनी'ला नवा 'ज्यांनी' लागत होता.

"अय जीवन्या!"

तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"काय लावलंय रं हे? वर ये म्हणायचंय ना मला?"

"हो, दादा."

"मग तसं म्हण ना. पोरीचा मुहूर्त चाललाय."

जीवनरावांनी माइक खाली घेतला. माइकशिवायच म्हणाले, "दादा, वर ये."

"तू आधी खाली ये अन् हात दे," सोमनाथदादा म्हणाले. "गुडघा धरलाय माझा. साडेबारापास्नं बसलोय हितं एकटा. अन् त्या फेटेवाल्याला हाळी मार, कुठं उलथला तो?"